‘माझा प्रवास’ आणि ‘स्मृतिचित्रे’: मजकूर अव्वल, बांधणीने मात्र वैताग

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सवलतीत घेतलेल्या या दोन पुस्तकांविषयी लिहिण्याचे निमित्त असे की, ‘माझा प्रवास’ या विष्णुभट गोडशांच्या १८५७ च्या बंडातील प्रवासवृत्तांताची मधली पाने मध्यंतरी पाठ सोडून हातात आली. दोन्ही ग्रंथांची थोरवी नव्याने सांगायला नको. हा अनुभव वापरलेल्या प्रतींचा आहे.

सर्वांत आधी सुटले ते काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचे पान. पठाणी वेशातली, धुळीने माखलेली झाशीची राणी तिथे येते, भटजी पाणी काढून देऊ लागतात आणि ती त्यांना थांबवून स्वतः मडके विहिरीत सोडते. सबंध पुस्तकात जे पान पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते, नेमके तेच टिकू नये याचा मला अतोनात राग आला. दुकानदाराने सवलतीतला माल परत घेण्यास नकार दिला, तर प्रकाशकाकडून ‘वाचक पुस्तक फार ताणून उघडतात’ असे उत्तर आले. पुस्तक उघडायचे नसेल तर छापायचे कशाला, हे मात्र त्यांनी कळवले नाही.

पूर्वी छापील फॉर्मांच्या, म्हणजे अनेक पाने एकत्र छापलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या दोऱ्याने शिवून जुजबंदी करीत. आता घड्यांची पाठ कापून सुट्या पानांना गोंद लावतात. विकत घेताना पाठीकडची कड वरून पाहावी: घड्यांचे गठ्ठे दिसले तर शिवण असण्याची आशा, सपाट कड दिसली तर नुसता गोंद.

तेव्हा सारा दोष गोंदाचा, असे माझे ठाम मत झाले होते. पण ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्रही तशाच गोंदाचे असून अजून धडधाकट आहे. फरक आतल्या समासात आहे. त्या पुस्तकात तो ऐसपैस असल्याने पाने दाबावी लागत नाहीत. गोडशांच्या प्रतीत कागद वाचवण्यासाठी ओळी पाठीपर्यंत नेल्या आहेत. त्यात दुरुस्तीला दिल्यावर बाइंडरने सुटी पाने कडेने टोचून शिवली, तेव्हा उरलासुरला समासही गेला. चिं. वि. वैद्यांच्या १९०७ च्या संस्कारित आवृत्तीऐवजी दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला मूळ पाठ मी हौसेने निवडला होता, आणि त्यातले भटजींचे लांबलचक वाक्य डाव्या पानावर नेमके क्रियापदापाशी शिवणीत गडप होते.

तरीही दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचण्याची शिफारस मी करीन. वरसईहून १८५७ साली द्रव्यार्जनासाठी निघालेले भटजी वेढा, लूट आणि कत्तल पाहून अखेर गंगेची कावड घेऊन घरी पोहोचतात. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या आजोबांना त्याच धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. पहिल्या वाचनात ते सोवळे मला निव्वळ विनोदी वाटले होते. गोडशांनंतर वाचताना त्यामागचे भय दिसू लागले, आणि हा लाभ कोणत्याही बांधणीने हिरावला नाही.

‘स्मृतिचित्रे’ मी पूर्ण किमतीलाही घेईन. ‘माझा प्रवास’ घेणाऱ्यांनी मात्र जुन्या बाजारात शिवलेली प्रत शोधावी, कारण बाइंडरची मजुरी धरता माझी सवलत केव्हाच खर्ची पडली आहे.