मिरर लेन्स आणि झुडपातले पक्षी : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात फोकसची रिंग फिरवताना संपूर्ण लेन्सच कॅमेऱ्यावर फिरू लागली. दुरुस्तीच्या दुकानात 'आतला आरसा हलला आहे, लेन्स उघडावी लागेल' असे सांगून लेन्सच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा खर्च काढण्यात आला. प्रत्यक्षात टी-माउंट अडॅप्टरच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या धातूच्या कड्याच्या, कडेचे तीन बारीक स्क्रू सैल झाले होते आणि घड्याळजीकडच्या पेचकसाने ते आवळताच काम भागले. अडॅप्टर तपासल्याखेरीज कोणालाही लेन्स उघडू देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माझी मिरर लेन्स, म्हणजे आरशांनी प्रकाश वळवणारी आखूड टेलिफोटो लेन्स, ५०० मिमी, एफ/८ (अॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा), हाताने फोकस करायची आणि वापरलेली घेतलेली आहे. ती क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यावर लावून मी मुख्यतः साताऱ्याजवळ यवतेश्वर, कासचा रस्ता आणि चाळकेवाडीचे पठार येथे लहान पक्षी टिपतो.

मिरर लेन्स म्हटले की जो तो पार्श्वभूमीत उमटणाऱ्या गोल कड्यांविषयी सावध करतो. पुढच्या काचेच्या मध्यावरचा छोटा आरसा प्रकाशाचा मधला भाग अडवतो, त्यामुळे फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका पोकळ कडे होऊन उमटतो, हे खरेच आहे. परंतु खरा त्रास कड्यांचा नसून काड्यांचा आहे. त्याच कारणाने पक्ष्यामागची प्रत्येक फोकसबाहेरची बारीक काडी दुहेरी दिसते, आणि शिंपी, वटवट्या, सुभग हे पक्षी तर नेमके काड्यांच्या गर्दीतच वावरतात. करवंदीच्या जाळीतला शिंपी डोळ्यापर्यंत सुस्पष्ट मिळावा आणि त्याच्यामागे दुहेरी रेघांचे जाळे पसरलेले असावे, ही निराशा मी वारंवार अनुभवली आहे. या लेन्सला अॅपर्चर लहान-मोठे करणारी झडप नाही, एफ/८ म्हणजे एफ/८च. त्यामुळे अॅपर्चर बदलून पाहण्याचाही मार्ग नाही. पहिले काही महिने लेन्स विकून टाकावी असेच माझे मत होते.

ते मत चाळकेवाडीच्या पठारावर बदलले. पठाराच्या कडेजवळच्या दगडावर कवड्या गप्पीदासाचा नर बसला होता आणि त्याच्यामागे थेट पलीकडच्या डोंगराचा उतार होता; छायाचित्रात ना कडे होते, ना दुहेरी काडी. शिवाय काळ्या-पांढऱ्या पिसांच्या सीमेवर जांभळ्या-हिरव्या रंगाची किनारही नव्हती, जी फक्त काचेच्या भिंगांच्या स्वस्त टेलिफोटो लेन्समध्ये हमखास दिसते; आरशाने प्रकाश वळवण्याचा हा खरा लाभ आहे. तेव्हापासून मी आधी पार्श्वभूमी निवडतो आणि मग पक्ष्याची वाट पाहतो. पक्षी पाच मीटरवर असेल तर मागे निदान तीस-चाळीस मीटर मोकळे असावेत, एवढे पाहून उताराच्या कडेला बसले की काड्यांचा प्रश्न बराच सुटतो.

बुजऱ्या पक्ष्यांसमोर या लेन्सचा आखूडपणा फार उपयोगी पडतो. लांब नळी वळवताना पक्षी उडतात. ही लेन्स मात्र छातीशी धरून जवळजवळ न हलता वळवता येते आणि तिला मोटरचा आवाजही नाही. फोकसची जाडी, म्हणजे पुढून मागे सुस्पष्ट दिसणारा पट्टा, मात्र पाच मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर मिळते. कॉन्ट्रास्ट कमी असल्यामुळे फोकस पीकिंगवर, म्हणजे सुस्पष्ट कडा पडद्यावर रंगाने दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नये. पडद्यावर डोळा मोठा करूनच फोकस साधावा. हाताची थरथर सावरणाऱ्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणासाठी लेन्सचा ५०० हा आकडा हाताने भरावा लागतो. प्रकाशही एफ/८ या आकड्यावरून वाटतो त्याहून कमी पोहोचतो, म्हणून झाडाखालच्या सावलीत सकाळी लवकर ही लेन्स काढण्यात अर्थ नाही.

ऑटोफोकसची १५०-६०० झूम घेण्याचा विचार मी तूर्त सोडला आहे, कारण गप्पीदास, वटवट्या आणि दगडावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी तेवढा खर्च मला पटत नाही. पानांच्या दाटीत क्षणभरही न थांबणाऱ्या चष्मेवाल्यांच्या थव्यासाठी मात्र मी ही लेन्स यापुढे नेणार नाही.