डेबियन १३ वापरून झाल्यावर: एका सहीपायी अडलेलं अपडेट

फेब्रुवारीत माझ्या लॅपटॉपवर 'अ‍ॅप्ट अपडेट' अचानक लाल अक्षरांत ओरडू लागलं. लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि हे तिचं सॉफ्टवेअर बसवायचं, अपडेट करायचं साधन. ज्यांनी डेबियन १२ वरून १३ वर उडी मारली आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे दिसलं असणार.

दिवाळीच्या सुट्टीत मी अपग्रेड केलं. मशीन जुनं, रॅम ४ जीबी, विंडोज ११ त्यावर चढत नाही. ते चालू राहिलं म्हणून नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले, आणि माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

पहिली ठेच टेम्प फोल्डरची. १३ मध्ये हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर रॅममध्ये राहतं आणि रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढतं. जुन्या अंकांची पानं स्कॅन करून मोठी पीडीएफ बांधायला घेतली की 'जागा शिल्लक नाही'. डिस्क मात्र अर्धी रिकामी! 'सुडो सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' ही आज्ञा दिली, म्हणजे टेम्प रॅममध्ये ठेवणं बंद केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, विषय संपला. उपाय रिलीज नोट्समध्येच आहे.

खरा वैताग सहीचा, म्हणजे सॉफ्टवेअर खरंच देणाऱ्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या डिजिटल सहीचा. स्कॅनरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे तिने पॅकेजं ठेवलेल्या ऑनलाइन साठ्यातून, येतं. १३ मधलं अ‍ॅप्ट सह्या तपासायला सिकोया नावाचं साधन वापरतं, आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून ते एसएचए-१ वर (फाइलीचा छोटा ठसा काढायच्या जुन्या पद्धतीवर) टेकलेली सही मानत नाही. त्याआधी 'वर्षभरात ही सही नाकारली जाईल' अशी सूचना येतच होती. तरी तेव्हा मला डेबियनचाच राग आला: चालणारी गोष्ट तारीख ठरवून बंद कशाला करायची?

मग कंपनीच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, "सोर्सच्या ओळीत ट्रस्टेड=यस टाका." म्हणजे रिपॉझिटरीचा पत्ता असतो त्या ओळीतच सांगायचं की सही तपासूच नका! पॅकेज बसताना त्याच्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतात. रस्त्यात कुणी पॅकेज बदललं तर अख्खं मशीन त्याच्या हातात. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी हा सल्ला? एसएचए-१ ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा) २०१७ मध्येच जगासमोर करून दाखवली गेली होती. दुरुस्तीही किरकोळ आहे: कंपनी जिने सही करते ती डिजिटल चावी तीच ठेवून तिच्यावरची स्वतःची सही एसएचए-२५६ या नव्या पद्धतीने पुन्हा करायची आणि ती फाइल ग्राहकांना द्यायची. हे मी त्यांना सविस्तर कळवलं. उत्तर नाही.

तेव्हापासून माझा राग डेबियनवरून पूर्ण उतरला. अडवायला हवं होतं तिथेच त्याने अडवलं.

तुमच्याकडे असं झालं तर 'अ‍ॅप्ट अपडेट'ला ऑडिटचा पर्याय लावून नेमकी कुठली चावी अडते ते बघा. नवी चावी मिळाली तर 'इटीसी/अ‍ॅप्ट/कीरिंग्ज'मध्ये ठेवून सोर्सच्या फाइलीत 'साइन्ड-बाय'समोर तिचा पत्ता द्या. मिळाली नाही तर त्या फाइलीत 'एनेबल्ड: नो' लिहा. बसवलेलं सॉफ्टवेअर चालत राहतं, फक्त त्याचे नवे अपडेट येत नाहीत. माझा स्कॅनर सध्या असाच चालतो. सिकोयाच्या धोरणातली तारीख पुढे ढकलता येते, पण ती ढील सगळ्याच रिपॉझिटरींना मिळते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

बाकी १३ झकास आहे, ६४ बिटच्या जुन्या मशीनवर बिनधास्त टाका. ३२ बिटचं असेल तर मात्र १२ वरच थांबा. १३ ला त्यासाठी इन्स्टॉलर नाही, आणि अपग्रेड करू नका असं डेबियननेच लिहून ठेवलं आहे.