अपंगत्व पेन्शन नाकारली: खात्यात अपील की न्यायाधिकरण?

कामठीचे एक सैन्यातले निवृत्त हवालदार काका परवा मेडिकल बोर्डाचा, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांच्या समितीचा, घड्यांवर फाटलेला कागद घेऊन आले. आजार सेवेमुळे झालेला नाही म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारलेली. संरक्षण खात्यातच अपील करू की सरळ सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात, जाऊ?

अपील पोस्टानं जातं, खर्च नगण्य. न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत; वकील, तारखा, विदर्भ एक्स्प्रेसच्या रात्री. वेळ दोन्हीकडे जातो. पण ‘आजार सेवेमुळे नाही’ म्हणणारं खातंच अपील ऐकतं. न्यायाधिकरणात सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंह निकाल कामी येतो: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर संशयाचा फायदा जवानाला. बर्फात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे भांडून मिळवावं लागतं, याचा संताप येतो.

पहिलाच नकार असेल तर आधी अपील. तो टप्पा गाळलेला न्यायाधिकरणाला सहसा चालत नाही. अंतिम नकार हाती आला असेल, तर सहा महिन्यांच्या आत मुंबई गाठा.