कार्डची माहिती कुठे भरून घ्यायची: आपल्या साइटवर की गेटवेच्या पानावर?

ऑनलाइन दुकान उभं करताना कार्डने पैसे घेण्याचे तीन मार्ग असतात: फॉर्म आपल्याच साइटवर ठेवायचा, पेमेंट गेटवेची (आपल्या वतीने कार्डचे पैसे घेणाऱ्या सेवेची) चौकट, म्हणजे आयफ्रेम, आपल्या पानात बसवायची, किंवा ग्राहकाला सरळ गेटवेच्या पानावर पाठवायचं.

पहिला मार्ग मोहात पाडतो. मांडणी आपली, रंग आपले, ग्राहक साइट सोडून जात नाही. पण कार्ड क्रमांक आपल्या सर्व्हरवरून गेला, की पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाचा सर्वांत मोठा भार आपल्यावर येतो. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा तीन-चार अंकी सुरक्षा क्रमांक, साठवायला तर बंदीच आहे, एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलूनसुद्धा. तरीही तो नकळत साठतो. डेव्हलपरने चूक शोधायला लावलेल्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, अख्खा फॉर्म उतरतो आणि तो लॉग पुढे बॅकअपमध्ये जातो.

काही साठवलं नाही, तरी धोका उरतोच. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरची जावास्क्रिप्ट, म्हणजे ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड, हल्लेखोरांनी बदलली आणि ग्राहक भरत असलेले कार्डचे तपशील परस्पर त्यांच्याकडे जाऊ लागले. ४ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीला झळ बसली. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला २ कोटी पाउंडांचा दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, म्हणून छोट्या दुकानाने पहिल्या मार्गाला जाऊच नये असं मला ठामपणे वाटतं.

आयफ्रेममध्ये कार्ड क्रमांक थेट गेटवेकडे जातो आणि आपल्या हाती येतं ते टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा खुणेचा क्रमांक. परतावा द्यायला किंवा पुढच्या खरेदीला ते पुरतं. मात्र भोवतालचं पान आपलंच असतं. त्यात शिरलेली स्क्रिप्ट खऱ्या चौकटीच्या जागी खोटी चौकट दाखवू शकते. म्हणून या पानावर चॅट, जाहिराती, विश्लेषण यांच्या बाहेरच्या स्क्रिप्ट ठेवू नका.

साइटवर रोज लक्ष ठेवणारं कुणी नसेल, तर तिसरा मार्गच घ्या. ग्राहक क्षणभर बाहेर जातो, काही जण तिथूनच परततात, हे खरं. तेवढं सोसावं. साइटच कुणी ताब्यात घेतली तर ग्राहकाला खोट्या पानावर नेता येतं, पण सावध ग्राहकाला निदान पत्त्याच्या पट्टीत फरक दिसू शकतो.

नाव, पत्ता, फोन आणि कोणी काय मागवलं याची नोंद मात्र तिन्ही मार्गांत आपल्याकडेच राहते, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. कार्डची माहिती फुटली तर बँक नवं कार्ड देते. घरचा पत्ता किंवा कुणाच्या आजाराची औषधं एकदा बाहेर पडली, की ती परत झाकता येत नाहीत. म्हणून गेटवे निवडतानाच हेही ठरवून टाका: खातं न उघडता ऑर्डर देता येईल, जन्मतारीख विचारायची नाही, पार्सल बांधणाऱ्याला फक्त त्या पार्सलचा पत्ता दिसेल, आणि परताव्याची मुदत संपल्यावर कायद्याने ठेवावं लागणारं बिल सोडून बाकीचा तपशील पुसला जाईल.