क्रूझवर वाइनचं पॅकेज आधीच घ्यावं का?

क्रूझचं बुकिंग झालं की थोड्याच दिवसांत ईमेल येऊ लागतात. वायफाय घ्या, सहली घ्या आणि हेही घ्या: पाच, सात किंवा दहा बाटल्यांचं वाइन पॅकेज, आत्ता घेतलं तर इतके टक्के सूट. हे दिवसभर हवं ते प्या छापाचं पॅकेज नव्हे. इथे बाटल्या मोजून मिळतात. पैसे आधी भरायचे, जहाजावर डायनिंग हॉलमध्ये ठरलेल्या यादीतून बाटली मागायची, आणि दर वेळी खात्यातून एक कमी होते. कल्पना साधी आहे आणि योग्य जोडप्यासाठी चांगलीही आहे. पण सवलतीचा आकडा बघून घेतलं तर बहुतेक वेळा फसगत होते, कारण तो आकडा यादीतल्या सगळ्यात महागड्या बाटलीवर बहुधा मोजलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, तुमच्या जहाजाचे घालून पाहा. पाच बाटल्यांचं पॅकेज २०० डॉलरला आहे असं धरू. त्यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे खिशातून गेले २३६. यादीत ३८ डॉलरची पिनो ग्रिजिओ आहे, ४६ ची मालबेक आहे आणि ५२ ची एक बरी शार्डोने आहे. तुम्ही आवडीप्रमाणे तीन पिनो ग्रिजिओ आणि दोन मालबेक घेतल्या, तर सुट्या घेऊन सर्व्हिस चार्जसकट २४३ डॉलर झाले असते. वाचले सात. पाचही वेळा ५२ वाली घेतली तर सुट्याचे ३०७ झाले असते, म्हणजे वाचले ७१. पॅकेज एकच, फरक दहापट. म्हणून पैसे भरण्याआधी त्या पॅकेजची यादी आणि जहाजाचं वाइन कार्ड शेजारी ठेवून वाचायचं. तुम्हाला खरोखर प्यायच्या आहेत त्या बाटल्या यादीच्या वरच्या टोकाला असतील तरच पुढे जा. यादीच मिळत नसेल, नुसतंच ‘निवडक वाइन’ असं लिहिलेलं असेल, तर थांबा. जहाजावर गेल्यावरही पहिल्या संध्याकाळी डायनिंग हॉलच्या दाराशी हीच पॅकेजेस विकायला टेबल मांडलेलं असतं, आणि तिथे यादी हातात घेऊन वाचता येते.

सर्व्हिस चार्जही विसरू नका. जाहिरातीतला आकडा बहुधा त्याच्याशिवायचा असतो. १८ टक्के सर्रास दिसतात, काही कंपन्या २० लावतात.

आता खरा प्रश्न, किती बाटल्या लागतील? इथे लोक फेरीच्या किती रात्री ते मोजतात. मोजायची असतात ती जेवणं. सात रात्रींच्या फेरीत सात निवांत जेवणं होतात असं क्वचितच घडतं. एका दिवशी बंदरातून पाय दुखत परत येऊन बुफेतच उरकलं जातं. एका रात्री वेगळे पैसे भरून स्टेकहाउस किंवा इटालियन रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलेलं असतं, आणि पॅकेजची बाटली तिथे चालते की नाही हे कंपनीगणिक बदलतं. उरली पाच जेवणं.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. दोघं मिळून रोज चार ग्लास पिणार असाल तर पाच जेवणांना वीस ग्लास, म्हणजे चार बाटल्या, आणि एखादी बाल्कनीत बसून. पाचचं पॅकेज अशा जोडप्यासाठी बेतलेलं आहे. पण दोघंही जेवताना एकेकच ग्लास घेत असाल, तर सातही रात्री प्यालात तरी चौदा ग्लास, म्हणजे जेमतेम तीन बाटल्या. ४६ डॉलरच्या तीन सुट्या बाटल्या सर्व्हिस चार्जसकट १६३ डॉलरला पडतात. तेच चौदा ग्लास १३ डॉलरचा एक असे सुटे घेतले तर २१५. इथे पॅकेज घेण्यात अर्थ नाही आणि ग्लासवारी पिण्यातही नाही. बाटली मागवायची आणि उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवून घ्यायची.

हे ठेवून घेणं अनेकांना माहीतच नसतं, म्हणून ते ग्लास मागवत राहतात. जहाजावर ही रोजची गोष्ट आहे. वेटर बाटलीच्या गळ्यात केबिन नंबरची चिठ्ठी अडकवतो, बूच लावून ती आत ठेवतो आणि दुसऱ्या रात्री टेबलावर आणतो. लाल वाइनही फ्रिजमध्येच ठेवायला सांगा. थंडाव्यात ती हवेने बिघडण्याचा वेग मंदावतो आणि तीन दिवस सहज टिकते, मात्र प्यायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढायला हवी. पांढरीही तेवढीच टिकते. फसफसणारी मात्र एका बैठकीत संपवायची, दुसऱ्या दिवशी तिच्यात फेस फारसा उरत नाही. त्यामुळे एकाला लाल आणि दुसऱ्याला पांढरी हवी असली तरी अडत नाही. दोन बाटल्या एकदम उघडायच्या, रोज दोन-दोन ग्लास घेतले तर प्रत्येक अडीच दिवस पुरते.

गडबड होते ती टेबल बदललं की. ठरलेल्या वेळेचं ठरलेलं टेबल असेल तर वेटर तोच असतो आणि बाटली तुमच्याआधी टेबलावर येते. कधीही या, कुठेही बसा पद्धतीच्या जेवणात बाटली कालच्या हॉलच्या फ्रिजमध्ये आणि तुम्ही दुसऱ्याच मजल्यावर, असं होतं. बसल्या बसल्या, ऑर्डरच्याही आधी, केबिन नंबर सांगून बाटली मागवा. सूप संपेपर्यंत येते. न सांगता वाट बघत बसलात तर गोड खायच्या वेळी येते.

उघडताना दोन गोष्टी बघायच्या. लेबलवरचं नाव आणि साल मागवलेलंच आहे ना, कारण यादीत बारीक अक्षरात ‘उपलब्धतेनुसार तत्सम’ असं असतं आणि लांबच्या फेऱ्यांत शेवटच्या दिवसांत लोकप्रिय बाटल्या संपतात. मग ५२ च्या जागी ३८ ची येऊ शकते, तेव्हा त्याच किमतीची दुसरी मागायला लाजू नका. दुसरं म्हणजे वास. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट वास आला तर बूच खराब आहे. अशी बाटली परत पाठवायची, आणि ती पॅकेजमधून वजा झालेली नाही हे विचारून घ्यायचं. आवडली नाही आणि खराब आहे यात मात्र फरक आहे. पहिल्या कारणासाठी परत घेणं ही त्यांची मेहेरबानी.

लाल वाइन जहाजावर बहुधा कोमट मिळते, त्या हॉलच्या उबेत तिचा अल्कोहोलच पुढे येतो. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत घालायला सांगा. वेटर भुवया उंचावेल, तरी सांगा.

यादीतून काय निवडायचं हे तुम्ही काय जेवणार त्यावर. बऱ्याच जहाजांवर रोज एखादा भारतीय पदार्थ मिळतो, आधी कळवलं तर जैन जेवणही. तिखट मसाल्याबरोबर जड काबर्ने सोविन्यॉन नको. तिच्यातलं टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) आणि जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि वाइन कडवट लागते. नाशिकची किंचित गोडसर शनँ ब्लाँ ज्यांना आवडते त्यांनी त्याच अंगाची एखादी बाटली शोधावी: रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर, नाहीतर रोझे. पॅकेजच्या यादीच्या स्वस्त टोकाला शार्डोने, मर्लो, पिनो ग्रिजिओ यांचीच गर्दी असते आणि रीसलिंग असलीच तर एखादी. रोज भारतीय जेवण घेणार असाल तर या एका कारणासाठीही पॅकेज सोडून द्यावं.

दिवसभराच्या मोठ्या ड्रिंक्स पॅकेजशी तुलना केल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. दिवसाला माणशी ७५ डॉलर धरले तर सर्व्हिस चार्जसकट ८८ च्या वर जातात, म्हणजे १३ डॉलरच्या ग्लासवरही सर्व्हिस चार्ज धरला तर रोज जवळजवळ सहा ग्लास. बंदरात उतरायच्या दिवशीही सहा. कॉकटेल, कॉफी, बाटलीबंद पाणी धरून कुणाला परवडत असेल, नुसत्या वाइनवाल्याला नाही. शिवाय रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत ते एका केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यानेही घ्यावं लागतं. आजीला संत्र्याचा रस हवा असेल आणि नातवाला वाइन, तर ही अट फार महाग पडते. बाटल्यांचं पॅकेज एकाच्या नावावर घेऊन टेबलावर वाटून पिता येतं, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

तिसरा पर्याय म्हणजे स्वतःची बाटली. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, प्रिन्सेस या कंपन्या चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद वाइन हातातल्या सामानातून नेऊ देतात. केबिनमध्ये प्यायला काही पडत नाही, डायनिंग हॉलमध्ये नेल्यास कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचं शुल्क, लागू शकतं. दोघांच्या दोन बाटल्या म्हणजे एकेक ग्लासवाल्या जोडप्याची दोन-तृतीयांश गरज भागली. सगळ्या कंपन्यांत हे चालत नाही. काही युरोपीय कंपन्या बाटली काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सिंगापूरहून निघणाऱ्या फेरीसाठी विमानाने जाणार असाल तर तिथे उतरताना दोन लिटर वाइन करमुक्त नेता येते, पण त्यासाठी आधीचे ४८ तास सिंगापूरबाहेर असायला हवं आणि मलेशियातून येत नसायला हवं. तुमच्या फेरीचा नियम मात्र तिकिटाच्या अटींतच वाचा. तो निघायच्या बंदराप्रमाणे बदलतो, तसंच दारू पिण्याचं किमान वयही: अमेरिकेतून निघालात तर २१, युरोप आणि सिंगापूरहून सहसा १८.

भूमध्य समुद्रातल्या फेरीत मी पॅकेज एका पायरीने लहान घ्या म्हणेन, सातऐवजी पाचचं. रोज नवं बंदर, दुपारचं जेवण नेपल्स नाहीतर मार्सेयच्या एखाद्या खानावळीत, आणि तिथली कॅराफमधली (काचेच्या सुरईतली) घरची वाइन जहाजावरच्या एका ग्लासपेक्षा स्वस्त. दुपारी ती घेतल्यावर रात्री अर्धी बाटलीही संपत नाही. याउलट समुद्रावरच सलग चार-पाच दिवस काढणाऱ्या अटलांटिकपार फेरीत सातचं पॅकेज मनापासून घ्यावं. मुंबईहून गोव्याला दोन रात्रींसाठी जाताना बाटल्यांच्या पॅकेजचा विचारही नको, जेवणंच दोन. लक्षद्वीपला जाणाऱ्या फेरीत अजून एक गोष्ट: तिथे बंगाराम सोडून बाकी बेटांवर दारूबंदी आहे, उरलेली बाटली पिशवीत घालून किनाऱ्यावर उतरू नका.

पैसे भरण्याआधी बुकिंगवर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला खात्यात जमा केलेली रक्कम, आहे का ते पाहा. एजंटने किंवा कंपनीने दिलेलं हे क्रेडिट बहुधा जहाजावरच्या खर्चालाच चालतं, घरबसल्या केलेल्या खरेदीला नाही. परत न मिळणारं असेल तर शेवटच्या रात्री बुडतं. शंभर डॉलर तिथे पडून असताना पॅकेजचे २३६ खिशातून भरणं म्हणजे उगीचच. असं असेल तर तेच पॅकेज जहाजावर घ्या, थोडी सूट गेली तरी. ग्रुप टूरमधून जाणार असाल तर ऑनलाइन खरेदीला लागणारा बुकिंग क्रमांक टूर कंपनीकडून आधी मागून घ्या. कार्ड डॉलरमध्येच स्वाइप होऊ द्या. रुपयात रूपांतर करून देतो म्हणाले तर नको म्हणा, त्यांचा दर बँकेच्या दरापेक्षा वाईटच असतो. आणि आधी घेतलंत तरी निघेपर्यंत अधूनमधून किंमत बघत राहा. बहुतेक कंपन्यांत प्रवासाआधी रद्द करून कमी दराने पुन्हा घेता येतं.

शेवटच्या दोन दिवसांत खात्यात किती बाटल्या उरल्यात ते सोमेलिएला (वाइनचं बघणाऱ्या वेटरला) विचारा. न प्यालेल्या बाटलीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, पण बऱ्याच जहाजांवर ती न उघडता सोबत नेऊ देतात. भारतात परतताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. त्या चेक-इनच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवल्यात तर विमानतळावरच्या तपासणीत त्या तिथेच सोडाव्या लागतील.