फासे की आदेशाची चिठ्ठी? काल्पनिक राष्ट्रांची युद्धस्पर्धा भरवणाऱ्यांसाठी

पटावर खेळायची काल्पनिक राष्ट्रांची युद्धस्पर्धा भरवायचे ठरले की सोंगट्या आणि खेळाडू जमवण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. लढाईचा निर्णय फाशांवर सोपवायचा, की सर्वांनी एकाच वेळी दिलेल्या लेखी आदेशांवर? मी अमळनेरला दोन्ही पद्धतींनी एकेक स्पर्धा भरवली आहे. दोन्ही वेळा चौदा खेळाडू होते, दोन पट मांडले होते आणि नकाशाही एकच होता. उत्तरेला सातपुड्यासारखी रांग, दक्षिणेला सातमाळ्यासारखे डोंगर, मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी एक मोठी नदी आणि तिच्या दोन्ही काठांवर सात राष्ट्रे असा तो नकाशा होता. राष्ट्रांना अनेर, बोरी, पांझरा, गिरणा, वाघूर, गोमाई आणि बुराई अशी आपल्याच नद्यांची नावे दिली होती. खऱ्या देशांची नावे मी जाणीवपूर्वक टाळली, कारण ती आली की खेळाडू पटावरची परिस्थिती पाहण्याऐवजी वर्तमानपत्रातले वैर घेऊन बसतात. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतले खेळरचनाकार चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली स्वखर्चाने काढलेल्या युद्धखेळातही लाल आणि निळे असे दोन कल्पित देशच लढत होते.

फाशांची पद्धत शिकवायला सोपी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९५७ साली फ्रान्समध्ये आलेल्या ‘रिस्क’ या खेळाचे नियम बहुतेकांनी कधी ना कधी हाताळलेले असतात, त्यामुळे दहा मिनिटांत डाव सुरू करता येतो. प्रेक्षकांनाही काय चालले आहे ते लगेच कळते, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा अनुभवी खेळाडूला हरवू शकतो, ही गोष्ट लहान गावातल्या स्पर्धेत मोलाची असते. आमच्या पहिल्या स्पर्धेत सकाळचे दोन तास सभागृहात जो उत्साह होता, तो दुसऱ्या स्पर्धेत त्या वेळी नव्हता.

मात्र या पद्धतीत एक गोष्ट अशी घडली की तिच्यामुळेच माझे मत बदलले. हल्लेखोराचे तीन फासे आणि बचावाचे दोन असतील, तर पारडे किंचित हल्लेखोराकडे झुकते. म्हणजे ज्याच्याकडे फौज मोठी आहे, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. शिवाय बाद झालेल्याचे पत्ते, ज्यांच्या बदल्यात नवी फौज मिळते, ते बाद करणाऱ्याला मिळतात, त्यामुळे दुबळ्या शेजाऱ्याला संपवणे हीच सर्वांत फायद्याची चाल ठरते. आमच्या पटावर बुराई राष्ट्र सकाळी अकराच्या सुमारास नकाशावरून नाहीसे झाले. ते खेळणारा महाविद्यालयीन मुलगा सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने नंदुरबारहून पहाटे निघून आला होता आणि त्याला सोयीची परतीची गाडी संध्याकाळी होती. त्याने मला येऊन विचारले, “भाऊ, आता मी काय करू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचा तासभर तो खिडकीशी बसून राहिला, आणि नंतर ज्या गिरणा राष्ट्राने त्याला संपवले होते, त्याच्या शेजारी वाघूर खेळणाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. सल्ला द्यायला मनाई होती, तरी त्याच्या चेहऱ्यावरून आणि हळू आवाजातल्या शब्दांवरून वाघूरच्या चाली बदलू लागल्या, आणि गिरणाच्या खेळाडूने रास्त तक्रार केली. मी त्या मुलाला दूर बसायला सांगितले. नियमाने ते बरोबर होते, पण इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला दोन वेळा बाजूला बसवल्याची बोच मला अजून आहे. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही पटांवर मिळून पाच जण बाद झाले होते. ज्यांची घरे गावातच होती, ते निघून गेले. चोपड्याहून आणि धुळ्याहून एसटीने आलेले मात्र बसून राहिले.

दुसऱ्या पद्धतीचे मूळ जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात फोन राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली जो युद्धखेळ मांडला, त्यात खेळाडू आपले आदेश पंचाकडे लिहून देत आणि प्रत्येकाला आपल्या फौजेपुढचे जेवढे दिसेल तेवढेच दिसे. पुढे १८७६ साली त्याच सैन्यातले व्हर्डी द्यू व्हर्नुआ यांनी लढाईचा निकाल काढण्याच्या तक्त्यांचे ओझे कमी करून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवला. आम्ही मात्र पंचाला इतका अधिकार दिला नाही. १९५९ साली ॲलन कॅलहॅमर यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डिप्लोमसी’ची चौकट घेतली. सात सत्ता, ३४ पुरवठा केंद्रे (ज्याच्याकडे जितकी केंद्रे, तितक्याच त्याच्या फौजा), फासे अजिबात नाहीत आणि सर्वांचे आदेश एकाच वेळी उघडायचे. पहिल्या चालीपूर्वी वाटाघाटींना अर्धा तास आणि पुढच्या प्रत्येक चालीपूर्वी पंधरा मिनिटे ठेवली.

येथे प्रत्येक फौजेचे बळ सारखेच असते आणि शेजाऱ्याचे पाठबळ मिळाल्याशिवाय बरोबरीची कोंडी फुटत नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ एकच केंद्र उरले आहे, त्याच्या एकुलत्या फौजेचे पाठबळही दोन मोठ्या राष्ट्रांना हवे असते. आमच्या दुसऱ्या स्पर्धेत गोमाईची अवस्था दुपारी बारालाच तशी झाली होती, तरी तिचा खेळाडू दिवसभर सभागृहातला सर्वांत मागणी असलेला माणूस होता, आणि अंतिम फेरीत कोण जाणार हे शेवटी त्याच्याच एका चिठ्ठीने ठरले. या पद्धतीतही राष्ट्रे नाहीशी होतात. परंतु आमच्याकडे जेवणाआधी एकही झाले नाही, आणि नंतर बाद झालेल्या दोघांना मी चिठ्ठ्या वाचून सोंगट्या हलवण्याच्या कामाला घेतले, जे त्यांनी मनापासून केले. एका स्पर्धेवरून नियम काढणे योग्य नव्हे, हे मला कळते. तरीही फरक इतका ठळक होता की तो योगायोग वाटत नाही.

खानदेशच्या खेळाडूंना ही पद्धत जवळची का वाटली, याबद्दल माझा एक समज आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा, बऱ्हाणपूरजवळचा असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती आला, तो दीर्घ वेढ्यानंतर. तट चढून तो कोणी घेतला नव्हता. फाशांच्या पटावर असा गड चार वेळा फासे टाकले की पडतो. आदेशांच्या पटावर आधी शेजाऱ्यांना फोडावे लागते, बचावाला मिळणारे पाठबळ तोडावे लागते आणि दोन-तीन चाली धीर धरावा लागतो. डोंगराच्या घाटात राखलेले केंद्र शेवटपर्यंत टिकले, तेव्हा पारोळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी लगेच असीरगडाची आठवण काढली.

या पद्धतीच्या अडचणी मी लपवणार नाही. पंच दोन हवेत आणि त्यांना निकालाचे नियम तोंडपाठ हवेत. आमच्याकडे एकच जाणता पंच होता, म्हणून एका पटाला दुसऱ्याची वाट पाहावी लागली. वाईट अक्षरामुळे दोन आदेश रद्द करावे लागले. त्याहून नाजूक गोष्ट शब्द फिरवण्याची आहे. दिलेले वचन मोडणे हा खेळाचाच भाग असला, तरी जे रोज एकमेकांना बाजारात भेटतात, त्यांना ते सोसायला जड जाते. मी सुरुवातीलाच सर्वांसमोर हे स्पष्ट सांगितले होते, तरी एक अबोला पंधरा दिवस टिकला. नकाशाची चूकही येथे झाकली जात नाही. कोपऱ्यातल्या अनेरला एकाच बाजूने धोका होता, तर मधल्या बोरीला चारही बाजूंनी. फाशांच्या स्पर्धेत हे कोणाच्या लक्षात आले नाही, आदेशांच्या स्पर्धेत तिसऱ्या चालीलाच आले. आता मी डोंगरात दुसरी खिंड काढून अनेरची बाजू थोडी उघडी केली आहे.

आपले खेळाडू चौदा वर्षांखालचे असतील, सर्व जण एकाच गावातले असतील आणि हाताशी तीनच तास असतील, तर फासे घेण्यात काही चूक नाही, आणि तसे कोणी केले तर मी आनंदाने मदत करीन. पण माणसे दोंडाईचा, शिरपूर किंवा नंदुरबारहून दिवस मोडून येणार असतील, तर आदेशांच्या चिठ्ठ्या छापून घ्याव्यात असे मला वाटते. चिठ्ठीवर फौजेचे ठिकाण, जाण्याचे ठिकाण आणि पाठबळ कोणाला, असे तीन रकाने पुरतात. नकाशातील प्रत्येक प्रांताला दोन अक्षरांची खूण द्यावी, म्हणजे हस्ताक्षराचा वाद राहत नाही. स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत ठेवावी, कारण वाटाघाटींसाठी लोकांना अंगणात, झाडाखाली जाऊन बोलावे लागते आणि मे महिन्यात आपल्याकडे ते शक्य नसते. नंदुरबारच्या त्या मुलाला पुढच्या वेळी बोरी द्यायचे मी ठरवले आहे, आणि त्याने येण्याचे कबूल केले आहे.