फडताळासाठी चकचकीत पिवळा: सिंथेटिक इनॅमलच का निवडावा

लाकडी सामानाला उठावदार आणि चकचकीत रंग द्यायचा असेल, तर रंगाच्या दुकानात साधारणपणे तीन पर्याय पुढे येतात: ज्याला आपण सरसकट ऑइलपेंट म्हणतो तो सिंथेटिक इनॅमल, पाण्यात मिसळणारा इनॅमल आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. स्वयंपाकघरातील जुन्या सागवानी फडताळासाठी मी एशियन पेंट्सचा एपकोलाइट ग्लॉस हा सिंथेटिक इनॅमल पिवळ्या छटेत घेतला, आणि घरच्या घरी ब्रशने रंगवणाऱ्यांना मी हाच प्रकार सुचवेन.

याचे कारण त्याच्या सुकण्यात आहे. हा रंग हवेतील प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा जिरायला अवधी मिळतो आणि पृष्ठभाग आरशासारखा येतो. पाण्यातला इनॅमल लवकर सुकतो व त्याचा वासही फारसा येत नाही. पण त्या घाईत ब्रशच्या खुणा राहून जातात. पीयूची चकाकी आणि टणकपणा दोघांहून सरस आहे यात शंका नाही. मात्र त्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारे द्रव्य, मिसळून तो ठरावीक वेळेत संपवावा लागतो आणि बहुधा स्प्रेनेच मारावा लागतो, म्हणून ते काम कसबी कारागिराचेच.

छटा निवडताना मात्र केवळ शेडकार्डावर विसंबू नये. पिवळ्या रंगाला पूर्वी जो दाटपणा असे, तो बऱ्याच अंशी लेड क्रोमेट या शिसेयुक्त रंगद्रव्याचा होता. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवणे बंधनकारक झाले, आणि ज्या घरात लहान मुले आहेत तिथे तर या नियमाचे मोल फार मोठे आहे. लेड क्रोमेटऐवजी वापरली जाणारी सेंद्रिय रंगद्रव्ये तेजस्वी असली तरी पुष्कळदा पारदर्शक असतात, त्यामुळे पिवळ्या आणि लाल छटांखालचे अस्तर डोकावते. पिवळ्याखाली पांढरा प्रायमरच हवा, लालाखाली फिकट करडा चालतो, आणि दोन्हींसाठी तिसरा हात गृहीत धरूनच डबा घ्यावा. गडद निळा किंवा हिरवा बहुधा दोन हातांत झाकतो.

चकाकी जितकी जास्त, तितका लाकडातला प्रत्येक खड्डा उठून दिसतो. म्हणून लांबी (पुट्टी) भरून आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासण्यात कसूर करू नये. फर्निचरवर जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसे असू शकते, तेव्हा ते कोरडे घासू नये. ओल्या पेपरने घासावे, मास्क लावावा आणि निघालेला गाळ पुसून काढावा. टर्पेंटाइन बेताचेच घालून पातळ हात द्यावेत व दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. पावसाळ्यात हे काम काढूच नये, कारण दमट हवेत सुकणे लांबते आणि चकाकी मंदावते.

या प्रकाराच्या दोन उणिवा खऱ्या आहेत. वास अनेक दिवस रेंगाळतो, म्हणून जिथे धान्य ठेवायचे तो फडताळाचा आतला भाग मी न रंगवताच ठेवला. दुसरे म्हणजे कमी उजेडाच्या जागी पांढरा ऑइलपेंट काही काळाने पिवळट पडतो, तेव्हा शुभ्र पांढरेच फर्निचर हवे असेल तर चकाकीत थोडी तडजोड करून पाण्यातला इनॅमल घ्यावा. शिवाय हाताला कोरडा लागला तरी हा रंग आतून पक्का व्हायला काही आठवडे घेतो. तोवर फळ्यांवर जड बरण्या ठेवू नयेत आणि दारे घट्ट लावून ठेवू नयेत, नाहीतर ती चौकटीला चिकटतात.